साडेपाचची व्हॅन

त्या खोलीत मी एकटीच बाई होते, तेही दोन्ही अर्थांनी. बाकीचे सात-आठ जण पुरुष, आणि मी शाळेत शिकवते हे कळल्यापासून तेसुद्धा मला बाईच म्हणायला लागले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीन ते साडेचार. दवाखान्याच्या मागच्या अंगाला पूर्वी मोडके पलंग टाकलेले असत ती खोली साफ करून तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. दारावर पाटी नव्हती. पुढे बसणारी मुलगी ‘मागे जा, उजवीकडे’ एवढंच सांगायची आणि सांगताना रजिस्टरमधून मान वर काढायची नाही. तिच्या या सवयीबद्दल मी मनातून तिची आभारी होते.

बाकीचे दारू सोडायला येत. मी झोपेच्या गोळ्या सोडायला. तीन वर्षांपूर्वी माझी गर्भपिशवी काढली, त्यानंतर झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी एक गोळी लिहून दिली होती. ते पंधरा दिवस मी तीन वर्षं लांबवले. आधी रात्री एक. मग दोन. मग सकाळची शाळा सुटून घरी आल्यावर अर्धी, नुसतं डोकं शांत राहावं म्हणून. आमच्या जवळच्या मेडिकलवाल्याने जुन्या चिठ्ठीवर गोळ्या द्यायचं थांबवलं तेव्हा मी दुसरीकडे गेले, दुसऱ्याने प्रश्न विचारला तेव्हा तिसरीकडे. कुणी मला व्यसनी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. व्यसन म्हणजे गुत्ता, व्यसन म्हणजे रस्त्याकडेला पडलेला माणूस. मी तर चौथीला मराठी आणि परिसर अभ्यास शिकवत होते.

एका सकाळी मी वर्गात शुद्धलेखन घालत होते. एक वाक्य सांगितलं आणि पुढचं सांगायच्या आधी खुर्चीत बसल्या बसल्या मला झोप लागली. जाग आली तेव्हा तास संपत आला होता. अडतीस मुलं चिडीचूप बसली होती, वहीत एकच वाक्य लिहून. पहिल्या बाकावरची मुलगी माझ्याजवळ उभी राहून पुठ्ठ्याने वारा घालत होती. “बाई, तुम्हाला बरं नाही ना?” तिने विचारलं. मी रक्तदाब कमी झाला म्हणून सांगितलं. घरी जाऊन पुन्हा अर्धी घेतली, कारण हात थरथरत होते.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीला, ती तेव्हा दहावीला होती, कपाटात साड्यांच्या घडीखाली रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा सापडला. तिने ओरडाआरडा केला नाही. तिने ती पाकिटं जेवणाच्या टेबलावर एकाशेजारी एक मांडली आणि तिचे बाबा कोर्टातून घरी येईपर्यंत तिथेच बसून राहिली. माझे यजमान कोर्टात लिपिक आहेत, मुळात कमी बोलणारे. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सांगितलं की या गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत, झटका येऊ शकतो. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी कमी करत आणायची. गोळ्या यजमानांच्या ताब्यात, रोजची तेवढीच ते हातावर ठेवणार. आणि आठवड्यातून दोनदा गटात यायचं. मी सगळ्याला हो म्हटलं.

गट घेणाऱ्या समुपदेशक चिपळूणच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. “इथे बोललेलं इथेच राहील. मी बाहेर सांगणार नाही, तुम्हीही नाही. फक्त एका गोष्टीला अपवाद. कुणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. आधीच सांगते, म्हणजे मग ताईंनी फसवलं म्हणायला नको.”

दर वेळी पहिला अर्धा तास त्या फळ्यावर काहीतरी शिकवत. यकृताचं चित्र, मेंदूचं चित्र, ओढ कशाने लागते त्याची यादी. ओढ चढते, टिकते आणि आपण काही केलं नाही तर उतरते, हे त्यांनी खडूने उंचवट्यासारखं काढून दाखवलं होतं. मी वहीत सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून घेत असे. मग एकेकाने बोलायचं. हा आठवडा कसा गेला, घेतली का, घ्यावीशी वाटली का.

मी छान बोलत असे. ठरल्याप्रमाणे कमी होतंय, झोप थोडी उडते, पण सहन होतंय. खरं म्हणजे सहन होत नव्हतं आणि मी सहन करतही नव्हते. पहिल्या दहा दिवसांतच मी पावस नाक्यावरच्या एका मेडिकलमध्ये नव्याने ओळख काढली होती. यजमान हातावर ठेवत ती गोळी वेगळी आणि माझ्या पर्समध्ये, सेफ्टी पिनांच्या डबीत असत त्या वेगळ्या.

गटात एक चाचा होते, जहाजावर नोकरी करून निवृत्त झालेले. दारू सोडून त्यांना चार वर्षं झाली होती, तरी ते दर शुक्रवारी येऊन बसत. एकदा माझं बोलून झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, “बाईंची जीभ आज जरा जड वाटते.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सकाळी दाढेला सूज होती. चाचांनी मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला नव्हता आणि ठेवला असं दाखवलंही नाही. त्यानंतर मी शुक्रवारी कमी बोलू लागले.

दिवाळी होऊन गेल्यावर एका मंगळवारी दार उघडून एक नवा माणूस आत आला. आमच्या शाळेची मुलं ने-आण करणारा व्हॅनवाला. गोळप, फणसोप या बाजूची माध्यमिकची मुलं तो दुपारी आणायचा आणि साडेपाचला शाळा सुटली की भाट्याच्या पुलावरून परत न्यायचा. त्याची मुलगी चौथीत माझ्याच वर्गात होती, आता सहावीला गेली होती. त्याने मला पाहिलं आणि दारातच थबकला.

“बाई, तुम्ही इथं?”

“बसा,” ताई म्हणाल्या. “इथे सगळे एकाच कामासाठी आलेत.”

त्याने माझ्या समोरची खुर्ची घेतली. त्याने सांगितलं की तो फक्त संध्याकाळी घेतो, गाडी लावल्यावर. बायकोने माहेरी जायची धमकी दिली म्हणून आलो. “गाडीवर असताना कधीच नाय,” हे त्याने दोनदा सांगितलं. मी नजर वहीत ठेवली. दोनदा सांगितलेली गोष्ट मला ओळखू येत होती, कारण मीही तेच करत असे.

पुढच्या काही आठवड्यांत आम्ही एकमेकांना टाळायला शिकलो. शाळेच्या फाटकाशी दिसलो तर तो गाडीचा आरसा पुसत राही, मी चपलेचा बंद बघे. मग जानेवारीतल्या एका दुपारी मी पावस नाक्यावरच्या त्या मेडिकलमधून बाहेर पडले, हातात पुडी, आणि समोर त्याची रिकामी व्हॅन उभी. तो खिडकीतून बघत होता. नुसतं हसला, ओळखीचं हसतात तसं, आणि गाडी सुरू केली. त्या शुक्रवारी गटात मी माझं नेहमीचं बोलले. ठरल्याप्रमाणे कमी होतंय. तो समोर बसून ऐकत होता. त्याने तोंड उघडलं नाही. बाहेर माझ्या स्कूटीजवळ मात्र तो हळू आवाजात म्हणाला, “काळजी करू नका बाई. आपलं आपल्यात.”

त्याचा अर्थ मला दोन आठवड्यांनी कळला.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता. ऊन चढलेलं, दवाखान्याच्या आवारातला आंबा मोहोराने भरलेला आणि खाली सगळं चिकट झालेलं. मी तीनला पाच मिनिटं असताना व्हरांड्यातून जात होते. टोकाला, पाण्याच्या टाकीमागे तो उभा होता. हातात कोल्ड्रिंकची बाटली. तो ज्या तऱ्हेने प्यायला, मान मागे टाकून, डोळे मिटून, दोन घोटांच्या मध्ये श्वास न घेता, त्यावरूनच मला कळलं. मी गोळी अशीच गिळत असे. त्याने बाटली खिशात घालायचा प्रयत्न केला, ती जाईना, मग टाकीमागेच ठेवली. बडीशेप तोंडात टाकली. वळला तेव्हा मी दिसले.

आम्ही दोघंही आत गेलो.

त्या दिवशी ताईंनी फळ्यावर ‘उलटणं’ असा शब्द लिहिला होता. पुन्हा सुरुवात होते ती प्यायच्या कितीतरी आधी होते, असं त्या समजावत होत्या. माणूस आधी लपवायला लागतो, मग प्यायला लागतो. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “एकोणीस दिवस झाले. थेंब नाय घेतला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. टाळी वाजवताना माझे हात मला दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. अडीच वाजता मी घरून निघताना डबीतली अर्धी गोळी घेतली होती आणि ती आता अंगात पसरत होती, त्या गुळगुळीत, कशाचंच काही न वाटण्यात मी बसून होते. तरीही भिंतीवरचं घड्याळ मला स्पष्ट दिसत होतं. साडेचारला गट सुटणार. साडेपाचला शाळा.

सुटल्यावर मी त्याला आवारात गाठलं. “आज गाडी चालवू नका,” मी म्हटलं. “दुसऱ्या कुणाला तरी सांगा.”

“कशाला?”

“मी बघितलं.”

तो टाकीकडे जाऊन बाटली घेऊन आला. लपवायचं आता कारण नव्हतं. “एवढ्याशाने काय होत नाय. रोजचा रस्ता आहे, डोळे बांधून नेईन.” मग तो जवळ आला. वास असा फार नव्हता, बडीशेपेचाच जास्त. “बाई, मी तुमचं कुठं काय बोललो? नाक्यावर बघितलं तेव्हा गप्प बसलो ना? शाळेत कळलं असतं तर काय झालं असतं? मी माझं बघतो, तुम्ही तुमचं बघा.”

तो गेला. व्हॅन फाटकातून बाहेर वळताना कडेच्या चिऱ्याला थोडी घासली. आवाज झाला, पण तो थांबला नाही.

यानंतर मी जे केलं ते सांगायला मला अजून जड जातं. मी काहीच केलं नाही. आंब्याखालच्या बाकावर बसले. वीस मिनिटं, कदाचित जास्त. मनात एकामागून एक समर्थनं येत होती आणि प्रत्येक पटत होतं. तो खरंच रोज नेतो. काही होणार नाही. इथलं बाहेर सांगायचं नाही हा नियमच आहे. माझी नोकरी गेली तर मुलीच्या पुढच्या शिक्षणाचं काय. शाळेला फोन करावा आणि नाव सांगू नये, असंही वाटलं. फोन हातात घेतला, मुख्याध्यापिकांचा नंबर काढला, आणि माझा आवाज त्यांना ओळखू येईल म्हणून ठेवून दिला. मग मला भाट्याचा पूल दिसायला लागला. तो मी हजार वेळा ओलांडला असेन. व्हॅनमध्ये अकरा मुलं. त्यातल्या सात जणांना मी चौथीत शिकवलं होतं.

मी उठून मागच्या खोलीत गेले तेव्हा पाच वाजले होते. ताई फळा पुसत होत्या.

“व्हॅनवाले प्यायलेत,” मी म्हटलं. “आत्ता शाळेत मुलं आणायला गेलेत.”

त्यांनी डस्टर खाली ठेवलं. “कशावरून म्हणता?”

“गटाच्या आधी बघितलं.”

“आधी म्हणजे तीनला? आणि मला आत्ता सांगताय?”

त्यांनी त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बंद लागला. “चला,” त्या म्हणाल्या. “माझी गाडी आज गॅरेजला आहे. तुमची स्कूटी आहे ना? तुम्ही चालवा.”

मी पर्समधून किल्ली काढली आणि चालू लागले. स्कूटीजवळ आले. किल्ली लावायला हात पुढे केला आणि तो हात तिथेच राहिला. ताई मागे बसायला तयार उभ्या होत्या. डोक्यात अजूनही ते गुळगुळीत काहीतरी होतं. हीच स्कूटी मी अडीच वाजता माळनाक्यावरच्या गर्दीतून आणली होती. त्या दिवशीच कशाला, कित्येक महिने आणत होते. एका प्यायलेल्या माणसाला अडवायला मी दुसऱ्या माणसाला मागे बसवून निघाले होते.

“बाई, काय झालं? उशीर होतोय.”

“तुम्ही चालवा,” मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. “मी दुपारी गोळी घेतलीय. ठरलेली नाही. जास्तीची. सुरुवातीपासून घेतेय. मी इथे जे काही सांगितलं ते सगळं खोटं होतं.”

मी वाट बघत होते की त्या काहीतरी म्हणतील. त्यांनी किल्ली घेतली आणि म्हणाल्या, “बसा. घट्ट धरा.”

शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा साडेपाचला दोन-तीन मिनिटं कमी होती. व्हॅन नेहमीच्या जागी, कुंपणाच्या कडेला होती. तो आत बसला होता, डोकं सीटला टेकून. आम्हाला बघून सरळ झाला. ताई खिडकीपाशी गेल्या.

“खाली उतरा,” त्या म्हणाल्या. “आज गाडी तुम्ही न्यायची नाही. आपण दवाखान्यात जाऊ. मी सोबत आहे. घरी तुमच्या मी सांगेन.”

“मी ठीक आहे ताई.”

“मग उतरून माझ्यापर्यंत चालत या.”

तो उतरला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होताच, पण त्याहून जास्त काहीतरी दुखावलेलं होतं, मित्राने दगा दिल्यासारखं. “बाई, मी बोललो तर?”

“बोला,” मी म्हटलं. “ताईंना मी सांगितलंय.”

घंटा झाली. दारं उघडली आणि मुलांचा लोंढा आला. व्हॅनची मुलं दप्तरं हलवत रोजच्यासारखी धावत आली. दोघं आत चढलीसुद्धा. मी सरकत्या दारात जाऊन उभी राहिले. “उतरा. आज व्हॅन जाणार नाही.”

“का बाई?”

“उतरा म्हटलं ना.” माझा आवाज मलाच परका वाटला. मुलं उतरली. त्याने इंजिन सुरू केलं. ताई गाडीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, हात लांब न करता, नुसत्या, रस्ता ओलांडताना थांबावं तशा. मुख्याध्यापिका फाटकापर्यंत आल्या होत्या. दोन-तीन पालक गाड्या थांबवून बघत होते.

तेव्हा तो बोलला. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मला अडवताय? आधी यांना विचारा. ह्या बाई गोळ्या खातात. नशेच्या. पोरं सांगतात ना वर्गात झोपतात म्हणून, त्या कशाने झोपतात विचारा. पावस नाक्यावर जाऊन चोरून आणतात.”

सगळं थांबलं. मुलं माझ्याकडे बघत होती. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत होत्या. ज्या क्षणाला मी तीन वर्षं घाबरले होते तो आला होता, भर रस्त्यात, उन्हात. नाही म्हणायला अजून जागा होती. दारू प्यायलेल्या माणसाचं बोलणं कुणी खरं धरलं असतं?

“हो,” मी म्हटलं. “घेते.”

इंजिन चालूच होतं. गर्दीतून त्याची मुलगी पुढे आली. सहावीतली, अंगाने बारीक, दोन्ही खांद्यांवर दप्तर. ती व्हॅनकडे गेली नाही. फाटकाशी उभी राहून ती म्हणाली, “पप्पा, उतरा.” आवाज चढवला नाही तिने. जेवायला बोलवावं तसं म्हणाली. “उतरा पप्पा.”

त्याने इंजिन बंद केलं. उतरताना त्याचा पाय पायरीवर नीट पडला नाही आणि तो दारालाच धरून राहिला. ताईंनी त्याच्या कोपराला आधार दिला, किल्ली काढून घेतली आणि त्याला रिक्षात बसवून दवाखान्यात घेऊन गेल्या. जाताना त्याने मुलीकडे बघितलं नाही.

मुलांच्या घरी फोन गेले. एकेक पालक दुचाकीवरून येत होते, मी नाव घेऊन मूल हवाली करत होते. कुणी माझ्याशी नीट बोललं नाही, एक-दोघांनी तर मुलाला माझ्यापासून जरा ओढूनच नेलं. शेवटी त्याची मुलगी उरली. तिची आई गोळपहून बसने आली. मी पुढे झाले, तेव्हा मुलीचा हात धरून ती बाजूने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना भेटून सगळं सांगितलं. संस्थेने मला वैद्यकीय रजेवर पाठवलं. रजा मंजूर होईल की नोटीस येईल हे तीन आठवडे कळत नव्हतं. डॉक्टरांनी मला काही दिवस भरती करून घेतलं आणि गोळ्या कमी करायचं वेळापत्रक पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी खरं. ते दिवस मला तुकड्यांत आठवतात. दात वाजायचे, भिंती जवळ येत. माझी मुलगी अभ्यासाची पुस्तकं घेऊन पलंगाशेजारी बसायची. परीक्षा तोंडावर होती तिची. मी तिला घरी जा म्हटलं की ती पान उलटायची.

त्याची व्हॅन शाळेने बंद केली. महिन्याभराने त्याची बायको आमच्या घरी आली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. “तुम्ही पण त्यातल्याच होतात,” ती म्हणाली. “मग तुम्हाला कळायला हवं होतं. बाजूला घेऊन सांगायचं होतं. चारचौघांत पोरीसमोर नको होतं.”

“सांगितलं होतं,” मी म्हटलं. “ऐकलं नाही.”

“मग घरी मला फोन करायचा.”

तिचा नंबर माझ्याकडे होता. तिची मुलगी माझ्या वर्गात होती तेव्हापासूनचा. त्या बाकावर बसून मी सगळ्यांचा विचार केला होता, तिचा नाही. ती उठून गेली.

मी गटात परत गेले. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सगळं बोलले, टाळ्यांचंही. चाचा म्हणाले, “दाढेची सूज उतरली वाटतं,” आणि खोलीत हसू फुटलं. मी रडत रडत हसले. कुणी माफ केलं वगैरे म्हटलं नाही. ताईंनी विचारलं की आज किती गोळ्या, आणि मी आकडा सांगितला, आणि तो खरा होता.

मे महिन्यात तो आला. आंब्याच्या पेट्या भरायच्या कामावर जात होता, बोटांना डिंकाचे डाग होते. तो माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला नाही, दाराजवळची घेतली. दोन आठवडे काही बोलला नाही. तिसऱ्या आठवड्यात ताईंनी न विचारता तो म्हणाला, “स्कूटी ताई चालवत होत्या.” आम्हाला कळेना. “त्या दिवशी. बाई आपली स्कूटी कधी कुणाला देत नायत. मागे बसलेल्या बघितल्या तेव्हाच मला कळलं, की यांनी स्वतःचं सांगून टाकलंय. आता माझ्याकडे काय उरलं नाय. तरी ओरडलो. ओरडून बघितलं.” त्याने डिंकाचा डाग नखाने खरवडला. “पोरगीने हाक मारली नसती तर घातली असती गाडी ताईंच्या अंगावर. खरंच घातली असती.”

ताई म्हणाल्या, “आज हे इथे बोललात, ते बरं केलंत.” त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

आमची मैत्री झाली असं मी सांगणार नाही. तो माझ्याशी गटाबाहेर बोलत नाही. मध्यंतरी तो एकदा घसरला, पुन्हा आला. माझी शेवटची गोळी पावसाळा संपता संपता सुटली, झोप अजून धड येत नाही. जूनमध्ये शाळेने मला परत घेतलं, पण चौथीवर नाही. ग्रंथालयाचं काम आणि बदलीचे तास. काही पालकांनी अर्ज दिला होता. तो त्यांचा हक्क होता, असं मला वाटतं. त्या दिवसांत मात्र वाटत नव्हतं.

त्याची मुलगी आता बसने येते. एकदा सकाळची शाळा सुटून दुपारची भरायच्या मधल्या वेळात ती ग्रंथालयात आली. पुस्तक बदललं, पण गेली नाही. कपाटाशी उभी राहून म्हणाली, “बाई, मला माहीत होतं.”

“काय?”

“पप्पांचं. म्हणून मी रोज पुढे बसायचे. त्यांच्याशी बोलत राहायचे. शाळेत काय झालं, कोण काय म्हणालं. नसलेलं पण सांगायचे. बोलत राहिलं की त्यांचे डोळे मिटत नसत.”

इतके महिने अकरा मुलांची गाडी त्या पुलावरून सुखरूप जात होती ती कुणामुळे, ते मला तेव्हा कळलं. मी तिच्या कार्डावर तारीख घातली, अक्षर वाकडं आलं.

“आणि आता बसमध्ये?” मी विचारलं. “कुठे बसतेस?”

“मागे,” ती म्हणाली. “खिडकीशी. गोळप येईपर्यंत झोपते मी.”